‘हे कोणी बदललं आणि कधी?’ गावाच्या माहितीला इतिहास हवा

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा. वरवर बघितलं तर विषय कॉम्प्युटरचा वाटेल. पण खरं तर तो आपल्या ग्रामपंचायतीचा आहे, सातबाऱ्याचा आहे, होडीच्या तिकिटाचा आहे आणि आपल्या भरवशावर पाण्यात उतरणाऱ्या पाहुण्याच्या जिवाचाही आहे.

हल्ली जो तो गावाचं ‘डिजिटल’ करायला निघालाय. कुठे वेबसाइट, कुठे ॲप, कुठे भिंतीवर चिकटवलेला चौकोनी कोड. उद्घाटन होतं, फोटो येतात, आम्ही बातमी लावतो. सहा महिन्यांनी ते पान उघडलं तर दर बदललेले, फोन नंबर बदललेले, नियम बदललेले. बदलले याला हरकत नाही, बदलायलाच हवेत. पण आधी काय लिहिलं होतं? कोणी बदललं? कोणत्या दिवशी? कशासाठी? या चार प्रश्नांची उत्तरं त्या पानावर कुठेच नसतात. जुनं पुसलं, नवं लिहिलं, विषय संपला. शाळेतली पाटी असते तसं.

माझं म्हणणं एवढंच आहे की सार्वजनिक माहिती पाटीवर लिहू नये, वहीत लिहावी. आणि अशी वही कॉम्प्युटरवर ठेवायची जुनी, फुकट आणि पारखलेली पद्धत जगात चाळीस वर्षांहून जास्त काळ आहे. तिच्यासाठी कोणाला लाखांचं कंत्राट द्यायला नको.

हे का महत्त्वाचं, ते आपल्याच गावच्या दोन गोष्टींवरून बघू.

२६ ऑगस्ट २०२४. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं होतं, नऊ महिनेही झाले नव्हते. त्यानंतर जे काही झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं. त्या गदारोळात एक बातमी आली होती, आठवते का बघा. कला संचालनालयाने मंजुरी दिली होती ती सहा फुटी नमुन्याला. प्रत्यक्ष पुतळा ३५ फुटांचा होणार हे आपल्याला कळवलंच नव्हतं, असं संचालनालयाकडून सांगण्यात आलं. दोष कोणाचा ते पोलीस आणि कोर्ट ठरवतील, तो आजचा विषय नाही. पण प्रश्नाचं मूळ बघा. सहा फुटांचा आराखडा ३५ फुटांचा कधी झाला, कोणाच्या सहीने झाला, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर कागद कोणता होता? ही एक ओळ सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी नोंदलेली असती, तर अर्धा आरडाओरडा झालाच नसता. उरलेला अर्धा योग्य माणसाच्या दारात गेला असता.

दुसरी गोष्ट त्याआधीची. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. असा अपघात झाला की पत्रकार म्हणून आम्हाला पहिला प्रश्न पडतो: त्या दिवशी नियम काय होता? बोटीत माणसं किती, लाइफ जॅकेट कोणाला, समुद्र खवळला तर बंद करायचं कोणी? नियम आज काय आहे ते कोणीही सांगतो. पण अपघाताच्या दिवशी पाण्यात उतरणाऱ्यासमोर काय लिहिलेलं होतं, ते दाखवायला हवं ना? अपघातानंतर सुधारलेलं पान बघून अपघाताआधीचा न्याय कसा करणार?

आता कोणी म्हणेल, एवढा हिशोब ठेवतो कोण? मेल्या, तुझ्याच घरच्या कपाटात ठेवलेला आहे. सातबारा बाहेर काढ.

जुना हाताने लिहिलेला सातबारा आठवा. एखाद्याचं नाव कमी झालं की तलाठी ते पुसून टाकत नसे, खरवडत नसे. नावाला कंस करायचा. आजोबांचं नाव कंसात, खाली वारसांची नावं, आणि बाजूला वर्तुळात एक आकडा. तो आकडा म्हणजे फेरफार क्रमांक. तो घेऊन गाव नमुना ६ उघडला, म्हणजे फेरफार नोंदवही, की तिथे सगळी कथा: कोणत्या तारखेला, कशावरून (खरेदीखत, वारस, वाटणी, बोजा), आणि मंजूर कोणी केली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५० मध्ये ही सगळी रीत लिहून ठेवलीय. नोंद आधी चावडीवर लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीला १५ दिवस ठेवायचे. हरकत आली तर ती वेगळ्या वहीत, नमुना ६-अ मध्ये. आणि मग मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची. लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा.

म्हणजे बघा, सातबारा हे आजचं पान. फेरफार हा त्या पानाचा इतिहास. आपल्याकडे जमिनीच्या भांडणात वकील पहिल्यांदा काय मागतो? ‘जुने फेरफार काढून आणा.’ नुसत्या सातबाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. कोकणात तर नाहीच, जिथे एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस सहहिस्सेदार आणि त्यातले निम्मे मुंबईला.

कॉम्प्युटरवाल्यांना हाच प्रश्न पडला होता. एकच प्रोग्राम दहा जण लिहितायत, काल चालत होता, आज बंद पडला. कोणी काय बदललं? त्यावर १९७२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एक साधन बनवलं, एससीसीएस नावाचं. १९८२ च्या सुमारास पर्ड्यू विद्यापीठातल्या वॉल्टर टिची यांनी आरसीएस बनवलं. १९८६ मध्ये ॲम्स्टरडॅमला डिक ग्रून या प्राध्यापकांना आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर काम करायचं होतं, तिघांच्या वेळा काही जुळेनात, म्हणून त्यांनी आरसीएसच्याच डोक्यावर सीव्हीएस उभं केलं. २००० मध्ये सबव्हर्जनचं काम सुरू झालं. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट आणलं, आणि आज जगभर त्याचंच राज्य आहे. या सगळ्यांना मिळून मराठीत आवृत्ती-नोंद म्हणू. म्हणजे कॉम्प्युटरची फेरफार वही.

आरसीएसची युक्ती तर बघण्यासारखी आहे. ते प्रत्येक वेळी अख्ख्या पानाची नवी प्रत साठवत नाही. सगळ्यात ताजं पान पूर्ण ठेवायचं, आणि मागे जायचं असेल तर ‘या दोन ओळी काढ, त्या जागी या तीन टाक’ अशा सूचना ठेवायच्या. आजचं पान लगेच मिळतं, कालचं थोडा हिशोब करून मिळतं. लोकांना रोज लागतो तो आजचा सातबारा. १९६० सालचा कधीतरीच. टिचींनी तेच ओळखलं. १९८२ मध्ये डिस्क महाग होती, जागा वाचवणं भाग होतं, पण त्या गरजेतून निघालेली रीत आजही चोख आहे. आणि ही सगळी वही एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये बसते. उघडली तर डोळ्यांनी वाचता येते.

आता दुसरा धागा, विकी. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या गृहस्थांनी २५ मार्च १९९५ ला पहिलं विकी सुरू केलं. होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून नाव घेतलं; हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. कल्पना साधी: पान वाचणाऱ्यालाच पान सुधारता यावं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, महाराष्ट्र दिनापासून. त्यावर मालवणचं पान उघडा, वरच्या बाजूला ‘इतिहास पहा’ असं दिसेल. दाबा. त्या पानावर आजवर झालेला प्रत्येक बदल तारीखवार सापडेल. आपल्यापैकी किती जणांनी ते कधी दाबलंय? मला वाटतं विकिपीडियावर सगळ्यात मोलाचं पान तेच आहे. लेख चुकीचा असू शकतो; पण चूक कधी शिरली ते कळतं.

गंमत म्हणजे विकिपीडियाचा स्वतःचाच सुरुवातीचा इतिहास हरवला होता. जानेवारी २००१ मध्ये सुरू झालं तेव्हा जे सॉफ्टवेअर होतं, ते जुन्या आवृत्त्या कायम जपून ठेवत नसे. पहिल्या महिन्यांतले बदल गेले ते गेलेच असं लोक धरून चालले होते. डिसेंबर २०१० मध्ये टिम स्टार्लिंग या त्यांच्या तंत्रज्ञाला जुन्या बॅकअपमध्ये पहिल्या काही महिन्यांची नोंद सापडली. जवळजवळ दहा वर्षांनी! तेही नशिबाने. जगातल्या सगळ्यात मोठ्या ज्ञानकोशाची ही गत, तर आपल्या पंचायतीच्या पानाचं काय घेऊन बसलात.

हे दोन धागे एकत्र आणले की माझा मुद्दा पुरा होतो. विकीची पानं साठवायची कुठे? मोठ्या डेटाबेसमध्ये ठेवता येतात, विकिपीडिया तेच करते. पण दुसरा रस्ता असा, की प्रत्येक पान एक साधी मजकुराची फाइल आणि तिच्यामागे जुनी आवृत्ती-नोंद. १९९८ मध्ये पीटर थेनी यांनी टीविकी सुरू केलं, त्यात अगदी हेच होतं: पानाची एक फाइल, आणि तिच्या शेजारी आरसीएसची इतिहासाची फाइल. स्वित्झर्लंडच्या सीमेवर जिथे ते प्रचंड कणांचे प्रयोग चालतात त्या सर्नमधल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं आपली कामाची कागदपत्रं टीविकीवर लिहिली. २००६ मध्ये जोई हेस यांनी इकिविकी काढलं. ते सुरुवातीला सबव्हर्जनवर चालायचं, पुढे गिट आलं, मर्क्युरिअल आलं, अगदी जुन्या सीव्हीएसवरही चालवायची सोय झाली. त्याच सुमारास रिचर्ड हिप यांनी फॉसिल आणलं, त्यात तर विकी आणि आवृत्ती-नोंद एकाच डब्यात.

‘पण हे जुनं झालं ना आता?’ हा प्रश्न मला हमखास येणार. म्हणून आधीच सांगतो.

जुनं आहे, हाच त्याचा पहिला गुण. आपल्याकडे सरकारी आणि निमसरकारी सॉफ्टवेअरचं आयुष्य किती? कंत्राट संपेपर्यंत. कंपनी बदलली की जुनी माहिती नव्यात आणता येत नाही, कारण ती कंपनीच्या कुलपात. साध्या मजकुराच्या फाइलला कुलूप नाही. आज आरसीएसमध्ये ठेवलेलं उद्या सीव्हीएसमध्ये, परवा गिटमध्ये इतिहासासकट नेता येतं, आणि जगात हजारो प्रकल्पांनी ते केलेलं आहे. आणि कोणाला नाही न्यायचं तर नाही. ओपनबीएसडी नावाची, सुरक्षिततेसाठी नावाजलेली एक संगणक प्रणाली आहे. १९९५ पासून तिचं काम सीव्हीएसवर चाललंय. त्यांना गिट माहीत नाही असं थोडंच आहे? चालतंय, तर मोडायचं कशाला.

दुसरा गुण, वीज आणि नेटवर्क. मे २०२१ चं तौक्ते कोण विसरेल? खांब आडवे, टॉवर बंद, कित्येक वाड्यांत दिवसेंदिवस अंधार. ॲपचं ज्ञान त्या दिवसांत कोणाच्या कामाचं नव्हतं. मजकुराच्या फाइली पेनड्राइव्हवर राहतात, जुन्या लॅपटॉपवर उघडतात, छापून पंचायतीच्या फळ्यावर लावता येतात. इकिविकीसारख्या पद्धतीत वाचायची पानं आधीच तयार करून ठेवलेली असतात, त्यामुळे साध्यात साध्या मशीनवरून ती दाखवता येतात. वादळात कोणत्या वाडीला कुठल्या शाळेत हलवायचं, बोट कोणाची, जनरेटर कोणाकडे, ही माहिती अशाच रूपात असायला हवी.

तिसरा गुण, खर्च. हे सगळं मुक्त सॉफ्टवेअर आहे, परवान्याचे पैसे नाहीत. लागतो तो एक जुना कॉम्प्युटर आणि एक शिकलेलं पोर. आपल्या तालुक्यात अशी पोरं आहेत. पुण्या-मुंबईला नोकरी करतात आणि गणपतीला गावी येतात.

आता दोषही सांगतो, नाहीतर हे जाहिरातीसारखं होईल.

एक. आरसीएस मुळात एका वेळी एकालाच लिहू देतं. एकाने वही घेतली की दुसऱ्याने थांबायचं. सीव्हीएसने ते सोडवलं, दोघांनी लिहायचं आणि मग जुळवायचं, पण त्यात दुसरी खोट: दहा पानं एकदम बदलायला घेतली आणि पाचव्या पानावर वीज गेली, तर पाच नवी, पाच जुनी अशी खिचडी राहते. पानाचं नाव बदललं तर इतिहास नीट मागे येत नाही. पुढे सबव्हर्जनने हे सुधारलं. गावाच्या दोन-तीनशे पानांना यातलं काही जड नाही, पण करणाऱ्याला माहीत हवं.

दोन, मराठीची अडचण. पहिल्या विकीत एका पानावरून दुसऱ्यावर जायला इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांनी जोडून लिहायचे, की आपोआप दुवा व्हायचा. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत! त्यामुळे आपल्याला चौकोनी कंसाचा दुवा वापरावा लागतो. बहुतेक विकींत ती सोय आहे. दुसरं असं की ही जुनी साधनं ओळीओळीने तुलना करतात. आपण मराठीत परिच्छेद एका लांब ओळीत लिहितो. मग एक वेलांटी सुधारली तरी अख्खा परिच्छेद बदलला असं दिसतं. उपाय सोपा आहे: एक वाक्य, एक ओळ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मजकूर युनिकोडमध्ये हवा. आमच्या धंद्यातल्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. श्रीलिपीत टाइप केलेली जुनी बातमी दुसरीकडे चिकटवली की नुसता काला. पंचायतींच्या कॉम्प्युटरवर जुन्या फॉन्टमधले असे किती ठराव पडून असतील, कोण जाणे. ते आधी बदलून घ्यावे लागतील. ही मेहनत कुठलंही ॲप वाचवणार नाही.

तीन, आणि हा खरा गंभीर मुद्दा आहे. इतिहास जपणारी वही काहीच विसरत नाही. चुकून कोणाचा आधार क्रमांक टाकला, कोणाच्या आजाराचं लिहिलं, आणि मग पान सुधारलं, तरी मागच्या आवृत्तीत ते राहतंच. विकिपीडियावर प्रचालकांना अशी एखादी आवृत्ती झाकता येते. जुन्या साधनांत हे काम किचकट आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून नियम पाहिजे: व्यक्तींची खासगी माहिती या वहीत नाहीच. लाभार्थ्यांचे बँक खाते क्रमांक, फोटो, दाखले, हे सगळं बाहेर. इथे फक्त सार्वजनिक कारभार: दर, नियम, ठराव, कामांची यादी, नकाशे, वेळापत्रकं.

चार. ही फाइल साधी वाचता येते, म्हणजे साधी बदलताही येते. ज्याच्या हातात सर्व्हर त्याने ठरवलं तर आरसीएसच्या इतिहासाच्या फाइलमध्येच गुपचूप हात घालू शकतो. फेरफार वहीचं पान फाडण्यासारखंच. गिटमध्ये प्रत्येक नोंदीचा ठसा पुढच्या नोंदीत गुंतवलेला असतो, त्यामुळे मागे कोणी काही बदललं तर ज्याच्याकडे जुनी प्रत आहे त्याला लगेच कळतं. म्हणून माझं मत असं: सुरुवात कशानेही करा, जे चालवणाऱ्याला येतं त्याने करा, पण प्रती अनेकांकडे हव्यात. एक पंचायतीत, एक हायस्कूलमध्ये, एक वाचनालयात, एक मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाकडे. दर महिन्याला. एकट्याची रापण लागत नाही, दोन्ही दोरांना माणसं लागतात.

पाच. साधन कितीही चांगलं असो, सगळे कर्मचारी एकाच ‘ॲडमिन’ नावाने आणि एकाच पासवर्डने लिहिणार असतील तर इतिहासात काय दिसेल? ‘ॲडमिनने बदललं, ॲडमिनने बदललं, ॲडमिनने बदललं.’ मग ‘ह्यां कोणी लिवल्यान?’ म्हणून विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघणार. प्रत्येकाचं नाव वेगळं हवं. आणि बदलाच्या कारणाचा रकाना भरायलाच हवा. ‘दुरुस्ती केली’ हे कारण नव्हे. ‘ग्रामसभा ठराव क्रमांक अमुक, तारीख तमुक’ हे कारण.

शासनाला ही रीत माहीत नाही असं नाही हां. शासन निर्णय बघा. प्रत्येकाला क्रमांक, तारीख, आणि वर ‘वाचा’ म्हणून आधीच्या निर्णयांची यादी. चूक झाली तर शुद्धिपत्रक निघतं, मूळ कागद गायब होत नाही. माहितीचा अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ मध्ये तर स्पष्ट आहे की कार्यालयांनी आपल्या नोंदी नीट सूचीबद्ध करून ठेवायच्या आणि लोकांनी मागायच्या आधीच माहिती जाहीर करायची. ग्रामपंचायतीत ग्रामसभेचं इतिवृत्त असतं, करआकारणीचा नमुना ८ असतो. कागदावर आपली परंपरा चांगली आहे. कॉम्प्युटरवर आलो आणि ती विसरलो. कागदावर खाडाखोड दिसत होती, पडद्यावर ती दिसत नाही, एवढाच काय तो फरक. आणि तो फरक फायद्याचा कोणाला, हे तुम्हाला सांगायला नको.

आता आपल्या किनाऱ्याचं एक उदाहरण घेऊन थांबतो. तारकर्लीहून देवबागकडे जाताना एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये आपली घरं आणि माड. संगमाजवळची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. त्सुनामी आयलंड म्हणून आपण पाहुण्यांना दाखवतो ती पट्टी काही दगडाची नाही, वाळूची आहे. मालवणचं नाव २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत अतिसंवेदनशील किनाऱ्यांच्या यादीत आहे. इथेच १९८७ साली २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. जानेवारी २०१९ मध्ये किनाऱ्याची नवी अधिसूचना आली. भरतीरेषा कुठे धरली यावर कोणाचं घर नियमित, कोणाचं बेकायदा, कोणाला निवास-न्याहारीची खोली बांधता येईल हे ठरतं. रेषा एका नकाशात इथे, दुसऱ्या नकाशात तिथे. माणूस हेलपाटे घालतो आणि त्याला उत्तर मिळतं, ‘आता नवीन नकाशा आलाय.’ अहो, आलाय, पण जुना कुठे आहे? रेषा सरकली ती समुद्राने सरकवली की कोणाच्या पेनाने?

कल्पना करा, गावाने स्वतः एक पान ठेवलंय. दर वर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर, ठरलेल्या दहा खुणांपासून पाणी किती हातांवर आहे ते मोजून लिहायचं. शाळेची मुलं मोजतील, रापणीवाले खुणा सांगतील, शिक्षक लिहितील. प्रत्येक नोंदीला तारीख आणि नाव. पहिल्या वर्षी ती किरकोळ वाटेल. दहा वर्षांनी सुनावणीला उभं राहाल तेव्हा हातात दहा वर्षांचा न पुसलेला इतिहास असेल. आज आपल्या हातात काय असतं? ‘आमच्या लहानपणी समुद्र लय लांब होतो.’ खरं असतं ते, पण कागदावर नसतं, म्हणून टिकत नाही.

तसंच जलक्रीडेचं. स्कुबा, पॅरासेलिंग, डॉल्फिन बघायच्या फेऱ्या, किल्ल्याच्या होड्या. प्रत्येकाचा दर, क्षमता, बंद ठेवायचे दिवस, सुरक्षेचे नियम एका पानावर, आणि मागे इतिहास. पाहुण्याला फसवणूक वाटणार नाही, व्यावसायिकावर खोटा आळ येणार नाही. अपघात झालाच, देव करो न होवो, तर त्या तारखेचं पान काढून समोर ठेवता येईल. प्रामाणिक बोटवाल्याला याची भीती नाही. उलट त्याचं संरक्षण यातच आहे, कारण ‘नियम पाळला होता’ हे म्हणायला आधी नियम कोणता होता ते दाखवावं लागतं.

काही जण म्हणतील, लोकांना लिहू दिलं तर कोणीही काहीही लिहील. म्हणून तर सातबाऱ्याची रीत सांगितली. लिहिणारा वेगळा, प्रमाणित करणारा वेगळा. वाडीतल्या कोणीही सुचवावं, पंचायतीने नेमलेल्या दोघा-तिघांनी तपासून पक्कं करावं, हरकत असेल तर ती पण दिसू द्यावी. आणि कोणी खोडसाळपणा केलाच तर कालच्या आवृत्तीवर परत जायला एक मिनिट लागतं. इतिहास असला की धाडस करता येतं. नसला की प्रत्येक जण हात लावायला घाबरतो, आणि पान तसंच कुजतं.

तेव्हा मागणी मोठी नाही. येत्या ग्रामसभेला जाल तेव्हा, गावाच्या वेबसाइटचा किंवा ॲपचा विषय निघाला की तीन प्रश्न विचारा. एक, जुनं पान बघायला मिळेल का? दोन, बदल कोणी आणि का केला ते दिसेल का? तीन, कंत्राट संपल्यावर ही सगळी माहिती साध्या फाइलींत, इतिहासासकट, पंचायतीच्या हातात येईल का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर आतमध्ये आरसीएस आहे, गिट आहे की आणखी काय, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. एकाचंही उत्तर ‘बघू’ आलं, तर ठरावात तसं लिहून घ्या. प्रश्न विचारणाऱ्याच्या नावासकट आणि तारखेसकट.

ज्यांना यातलं काम येतं, गावचे असोत वा मुंबईचे, त्यांनी खाली कमेंटमध्ये हात वर करा. किनाऱ्याच्या खुणांचं पान या पावसाळ्याआधी सुरू करता येईल, त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. आणि माझं कुठे चुकत असेल तर तेही खाली लिहा. या पोस्टमध्ये मी काही बदललं तर फेसबुकवर तिचाही इतिहास दिसतो. जी सोय आपल्या गप्पांना आहे, ती गावाच्या कारभाराला नसावी?